फोन टेपले जुळला तेव्हा

फोनले अपडेट आला की लगेच करून टाकता काय बे तुम्ही? मी तेच केलं, अन् दुसऱ्या दिवशी फोन गाडीच्या टेपले काही केल्या जुळेना.

बाजूले बाबा बसले होते. मलकापूरच्या दवाखान्यातून त्यायले बुलढाण्याले घरी नेऊन राह्यलो होतो. बाबाले कमी ऐकू येते, म्हणून गाडीत आवाज सदा फुल. खरं सांगू? त्यायच्या कमी ऐकण्याचा आम्हाले आधारच झाला होता. त्यायच्या बिमारीचं सगळं आम्ही त्यायच्या उशाशी उभं राहूनच बोलत होतो.

"गाणे काऊन लागत नाही?" बाबानं इचारलं.

राजूर घाटाच्या आधी गाडी बाजूले घेतली. फोन बंद करून चालू केला. टेपमधून फोनचं नाव पुसलं, फोनमधून टेपचं पुसलं, पुन्हा जोडलं. जुळलं एकदाचं! गाणं लावणार, तेवढ्यात रिपोर्टसाठी दवाखान्यात थांबलेल्या बहिणीचा फोन आला, मी सवयीनं उचलला, अन् तिचा आवाज चारही स्पीकरमधून गाडीभर झाला.

"दादा, रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणते, आता इलाज नाही, घरीच ठेवा. बाबाले सांगू नको."

मले फोन कापाचं बटनच सापडेना.

"दादा? ऐकू येऊन राह्यलं ना?"

बाबा टेपकडे वाकले अन् म्हणाले, "हाव माय. आज साफ ऐकू आलं."