मोज्यातली बाटली

सोलांज: गुलाबी नको, रेजिस. मयतानंतर गुलाबी शँपेन कोण ओततं?

रेजिस: आईला आवडायची. अंगणात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी गुलाबीच पाजायची.

सोलांज: पाजायच्या. स्वतः प्यायच्या नाहीत. बेल्जियमवाले आले की म्हणायच्या, "ही न्या, स्ट्रॉबेरीबरोबर काय लागते म्हणून सांगू!" आणि त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की पेल्यात उरलेली मोरीत.

रेजिस: मोरीत?

सोलांज: जाऊ दे. बस ना जरा. सकाळपासून उभाच आहेस.

रेजिस: बसलो तर उठायचा नाही. उद्या चर्चमधलं आटपलं की सगळा गाव हॉलमध्ये येणार. मेयर येणार, एपेर्नेहून मावसभाऊ येणार, वर्षभर आपल्याकडे ढुंकून न बघणारे येणार. प्रत्येकाच्या हातात पेला द्यायचा आहे, आणि पेल्यात काय ते अजून ठरत नाही. बाबांनी राखून ठेवलेली काढू?

सोलांज: ती गेली रे. नाताळात एक उघडली होतीस, आठवतंय? आठवडाभर कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी लागत होती.

रेजिस: मग आपली नेहमीची. साधी. तिला तरी कोण नाव ठेवतंय?

सोलांज: साधीही नको.

रेजिस: अगं, मग काय पाणी ओतू? चार पिढ्या शँपेन करतोय आपण. आणि घरातल्या मयताला लोकांना कोरडं पाठवू?

सोलांज: आईंनी सांगून ठेवलंय काय ओतायचं ते.

रेजिस: कधी?

सोलांज: दवाखान्यात. तू गाडी लावायला गेला होतास तेव्हा. माझा हात धरून म्हणाल्या, "रेजिस चिडेल. पण माझ्या मयताला आल्सिदची ओता."

रेजिस: कुणाची?

सोलांज: ऐकलंस तू.

रेजिस: समोरच्या आल्सिदची? औषधांच्या गुंगीत होती आई.

सोलांज: गुंगीत नव्हत्या. त्याच दिवशी नर्सला सांगत होत्या, तुमच्या मुलीच्या लग्नात स्वस्तातली ओतू नका, माणसं नवरी विसरतात पण डोकेदुखी विसरत नाहीत.

रेजिस: बाबा त्या माणसाचं नाव घेऊ द्यायचे नाहीत या स्वयंपाकघरात. तो रस्त्यात दिसला तर मी मान फिरवतो. आणि उद्या सगळ्या गावासमोर, माझ्याच आईच्या मयताला, मी त्याचं लेबल मिरवू?

सोलांज: बाबांनी त्यांच्याशी बोलणं का टाकलं, ठाऊक आहे ना तुला?

रेजिस: बांधावरून. वरच्या मळ्यातल्या दोन ओळी.

सोलांज: बांध ही तुला सांगायची गोष्ट होती. खरं काय ते सगळ्या गावाला माहीत आहे. तू तेव्हा रांसला होतास, लष्करात.

रेजिस: काय खरं?

सोलांज: संत व्हँसाँचा सण होता, आपल्या द्राक्षमळेवाल्यांचा. हॉलमध्ये सगळ्यांच्या बाटल्यांना मोजे चढवलेले, नेहमीसारखे. लेबल दिसू नये, जिभेनं ओळखायचं. तुझे बाबा उठले, पेला उंच धरला आणि म्हणाले, "ही माझी! झोपेतून उठवलंत तरी ओळखीन. आणि त्या तिथल्या मोज्यातली? ते भांडी धुतलेलं पाणी आहे!"

रेजिस: आणि?

सोलांज: मोजे काढले. पेल्यातली आल्सिदची निघाली. भांड्यांचं पाणी ते आपलं.

रेजिस: अरे देवा.

सोलांज: हात दाखवून अवलक्षण. हॉल हसून हसून लोळला म्हणतात. मेयर तर खुर्चीवरून पडला. आल्सिद तेवढे हसले नाहीत. पण बाबांना राग काढायला कुणीतरी हवंच होतं.

रेजिस: म्हणून आयुष्यभर?

सोलांज: आई म्हणायच्या, "फेर्नां जन्मात एकदाच वाइनबद्दल खरं बोलला, आणि नेमकी त्याच दिवसाची त्याला लाज वाटली."

रेजिस: आणि आईनं पुढे काय केलं? चोरून प्यायली?

सोलांज: चोरून नाही म्हणता येणार. तुझ्यासमोर प्यायच्या.

रेजिस: कधी?

सोलांज: रविवारी.

रेजिस: रविवारी आम्ही आपली पितो. आई मोजा चढवून आणायची, जीभ गंजू नये म्हणून. मी चव घेऊन सांगायचो.

सोलांज: काय सांगायचास?

रेजिस: सोलांज, नको.

सोलांज: "ही आपल्या म्हाताऱ्या वेलींची. बघ, मातीतल्या खडूची चव कशी शेवटपर्यंत राहते." दर रविवारी.

रेजिस: दर रविवारी?

सोलांज: मी या घरात आले तेव्हापासून तरी. त्या टेबलाखालून माझा पाय दाबायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, सासू चेष्टेखोर आहे. नंतर कळलं, त्यांना मनापासून आनंद व्हायचा. म्हणायच्या, "बापाचीच जीभ घेतलीय पोरानं. जीभ चांगली आहे, कान वाईट आहेत."

रेजिस: मला बसू दे.

सोलांज: बस. मी मघापासून तेच सांगतेय.

रेजिस: म्हणजे बाप एकदाच तोंडघशी पडला. आणि मी रविवारच्या रविवार. आणि तुम्ही दोघी हसत होता.

सोलांज: तुला नाही हसलो रे. एकदा हसले असेन. पण तू इतकं सुंदर बोलायचास त्या वाइनबद्दल. आपल्या वाइनबद्दल तू तसं कधी बोलला नाहीस.

रेजिस: ती यायची कुठून? बाबा जिवंत असताना त्या घरची बाटली या घरात?

सोलांज: कपड्यांच्या टोपलीतून. आल्सिदची बायको देनीज आणि आई, धुण्याच्या हौदावर. चादरींच्या खाली दोन बाटल्या यायच्या आणि जाताना आपलं द्राक्षरसाचं गोड रताफिया जायचं.

रेजिस: आपलं रताफिया?

सोलांज: त्यांना आवडतं. आई ते स्वतः करायच्या ना, बाबांना त्यात हात घालू द्यायच्या नाहीत. पुरुष बोलत नव्हते म्हणून टोपलीनं का थांबायचं?

रेजिस: देनीज जाऊन किती वर्षं झाली. नंतर टोपली कोण नेत होतं?

सोलांज: आता तुला काय वाटतं?

रेजिस: घरभेदी! सासू एक, सून दुसरी.

सोलांज: म्हण. आज काहीही म्हण. पण अजून एक ऐकून घे, म्हणजे एकदाच चिडशील. आई गिऱ्हाइकांनाही पाठवायच्या तिकडे.

रेजिस: काय?

सोलांज: आपल्या बाटल्या विकून झाल्या की फाटकापाशी हळूच सांगायच्या, "रोजच्यासाठी ही उत्तम आहे. पण मुलीचं लग्न असेल, पन्नाशी असेल, कुणी परत घरी आलं असेल, तर समोर जा. हिरवं दार. मी पाठवलं म्हणून सांगू नका."

रेजिस: आणि मी इथे हिशेब जुळवत डोकं फोडतोय की हे लोक पुढच्या वर्षी का येत नाहीत!

सोलांज: येतात की. दोन्ही दारांत येतात.

रेजिस: मला लाज वाटतेय, सोलांज. तिच्यावर रागवायला पाहिजे, तर ती तिथे शवागारात निळा झगा घालून पडलीय. कुणावर रागवू? थकलोय गं मी. छाटणी अर्धी राहिलीय, पोरं म्हणतात आम्ही नाही येणार मातीत, आणि आता हे. खरं सांग. आपली वाइन वाईट आहे का?

सोलांज: वाईट नाही. गोड आहे. बाबा घालायचे तेवढी साखर तू अजून घालतोस. तुला स्वतःला तरी आवडते का?

रेजिस: मला कुणी कधी विचारलंच नाही.

सोलांज: मी विचारतेय.

रेजिस: नाही आवडत.

सोलांज: बरं. ते पुढच्या वर्षी बघू. आधी उद्याचं. ते अंगणात उभे आहेत.

रेजिस: कोण?

सोलांज: सकाळी मी सांगून आले होते. म्हणाले, रेजिसनं बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही. मी म्हटलं, निदान फाटकाच्या आत तरी उभे राहा, गारठा आहे.

(दार उघडतं. उंबऱ्यापलीकडे म्हातारा आल्सिद, टोपी हातात, मागे गोणपाटानं झाकलेली हातगाडी. हा उंबरा त्यानं शेवटचा ओलांडला तेव्हा त्याचे केस काळे होते. आता आणखी थोडं थांबायला त्याची हरकत दिसत नाही.)

आल्सिद: तू नको म्हणालास तर गाडी वळवतो. मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण तुझ्यासमोर नाही.

रेजिस: तुमचं आणि आईचं काही होतं का?

सोलांज: रेजिस!

आल्सिद: विचारू दे. गावात निम्म्यांना तेच वाटतं. होतं. तिला शँपेनमध्ये साखर सहन व्हायची नाही आणि मलाही. एवढंच. माझी देनीज हयात असताना दुसरीकडे बघायची माझी काय टाप!

रेजिस: तिनं गिऱ्हाइकं पाठवली तुमच्याकडे.

आल्सिद: पाठवली युगेतनं. आणि माझ्याकडे कुणी म्हातारी, कुणी खोकणारा, कुणी जेवणानंतर गोड मागणारा आला, की मी काय सांगायचो? समोर जा, निळं फाटक. युगेतच्या रताफियाला जोड नाही. तुमच्याकडे ते पिंपच्या पिंप कसं खपतं, कधी विचार केला नाहीस?

रेजिस: मला वाटायचं, लेबल बदललं म्हणून.

आल्सिद: लेबल! अगदी बापावर गेलायस.

रेजिस: आज तोच एक माणूस उरलाय का सगळ्यांना नावं ठेवायला?

आल्सिद: नावं कुठे ठेवतोय? फेर्नांच्या जिभेसारखी जीभ या डोंगरावर नव्हती. पन्नास मोज्यांतून त्यानं माझी उचलली. मी स्वतः चुकलो होतो त्या दिवशी, माझीच बाटली मला दुसऱ्याची वाटली. मी ते उठून सांगितलं असतं तर हसू वाटून गेलं असतं. नाही सांगितलं.

रेजिस: का?

आल्सिद: बक्षीस मिळालं होतं. बक्षीस घेताना कोण म्हणतं मी ओळखली नाही म्हणून? दुसऱ्या दिवशी सांगायला आलो, तर त्यानं कुत्रं सोडलं अंगावर.

सोलांज: आत या, काका. दार उघडं आहे, थंडी घरात येतेय.

आल्सिद: तो बोलावू दे.

रेजिस: या आत. कुत्रं नाहीये आता.

आल्सिद: हं. स्वयंपाकघर तेच आहे. खुर्ची तेवढी बदलली.

रेजिस: तुमची आणि आमची द्राक्षं एकाच उतारावरची. मग तुमची अशी का होते?

आल्सिद: मी बाटल्या तळघरात विसरतो. तू घाई करतोस. नाताळ आला की काढ, बेल्जियमवाला आला की काढ. कच्ची निघते, मग साखरेनं झाकावी लागते. तुझी द्राक्षं माझ्याहून चांगली आहेत, पोरा. हे मी फेर्नांला मेलो तरी सांगितलं नसतं.

रेजिस: किती आणल्यात?

आल्सिद: गाडीत मावल्या तेवढ्या. तिच्या आवडत्या सालाच्या आहेत. त्या वर्षी थंडीनं अर्ध्या कळ्या जाळल्या होत्या. उरल्या त्यांची झाली. ती म्हणायची, ही कंटाळलेल्या माणसाला पाजावी, उत्साही माणसावर वाया जाते.

रेजिस: मग उद्या मलाच दोन पेले लागतील.

सोलांज: आपली किती गार करायला ठेवू?

रेजिस: एकही नको.

आल्सिद: असं नको करू. मी मोजे आणलेत बरोबर. दोन्ही ठेव, दोन्हींवर मोजे चढव. कुणाला कळणार नाही कुणाची काय ते. तुझंही राहील, तिचंही राहील.

रेजिस: हे मोजे तर आईनं विणलेले.

आल्सिद: देनीजसाठी विणले होते. टोपलीतून आले.

रेजिस: मोजे नकोत, काका. तिनं सगळा जन्म झाकून प्यायली. उद्या लेबल दिसू दे. मीच ओतेन, आणि कुणी विचारलं तर सांगेन की समोरच्यांची आहे, आईला हीच आवडायची.

आल्सिद: गाव हसेल.

रेजिस: हसू दे. मयताला गाव हसला तर तिला आवडेल. आणि तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा. मागच्या बाकावर बसायचं नाही.

आल्सिद: काळा कोट काढावा लागेल मग. कसर लागलीय त्याला.

सोलांज: आणून द्या, रात्रीतून रफू करते. आणि हे घ्या, रताफिया. त्यांनी केलेल्या शेवटच्या पिंपातलं आहे. सावकाश प्या.

आल्सिद: सावकाशच पितो. आता पुन्हा भरून कोण देणार?

रेजिस: आईनं कसं करायचं ते मला दाखवलेलं नाही.

सोलांज: मला दाखवलंय.

रेजिस: अर्थात.

सोलांज: अजून एक राहिलं, रेजिस. कबरीवर घोटभर ओतायची असते. आईंची जागा बाबांच्या शेजारीच आहे. त्यांच्या मातीवर तरी आपली ओतूया ना? एक बाटली वेगळी काढून ठेवते.

रेजिस: कशाला? त्यांनाही हीच ओत. माझीच आहे म्हणतील.