लग्नासाठी ठेवलेली बाटली

मुख्याध्यापक सर, शाळेतले सगळे शिक्षक, आमच्या कॉलनीतल्या बाया, आणि झरीहून सकाळीच निघून आलेली आमची घरची माणसं. तुम्ही एवढे सगळे आलात. मागं मंडळी उभी आहेत, मला इथून दिसायलंय. हे असते तर आधी ओरडले असते, अरे पंखे लावा, माणसं घामानं भिजायलीत!

बोलायला उभी राहिलेय. बाईनं नवऱ्याच्या शोकसभेत बोलावं का, यावर सकाळपासून आमच्या घरात चर्चा चाललीय. चर्चा संपायच्या आत मी माईक घेतला.

आतापर्यंत तुम्ही जे बोललात ते सगळं खरंय. जाधव सरांनी चुडाव्याच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. परभणीहून रेल्वेनं गेले, रेल्वेनं आले. सुटीत जाऊन शाळेतली झाडं जगवली. खरंय. पण इथं यायच्या आधी थोरल्या भाऊजींनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सुनंदा, काय बोलायचं ते बोल, पण त्या बाटल्यांचं काढू नको. चार लोक यायलेत. पोरीचं लग्न व्हायचंय अजून."

भाऊजी, तुम्ही समोरच बसलात. तुमचा मान राखून सांगते. मी बाटल्यांचंच बोलणार आहे.

कारण चार लोकांना सगळं माहीत आहे. माहीत नाही ते एवढंच, की झालं काय. ते माझ्याकडून ऐका.

आमची ज्योती, एकुलती एक, तिकडं नाशिककडं वाइनच्या कारखान्यात काम करते. प्रयोगशाळेत. शिकून, परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी आहे. दर दिवाळीला येताना बापासाठी एक चांगली बाटली आणायची. आणि बाप काय करायचा? प्यायचा? नाव नको! बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायचा. एकीवर लिहिलं, 'रिटायरमेंट'. एकीवर, 'वरचा मजला'. आणि सगळ्यात पहिल्या, सगळ्यात भारी बाटलीवर लिहिलं, 'ज्योतीचं लग्न'. मग शिडी लावून सगळ्या माळ्यावर. वर पत्रे. यांचं म्हणणं, लोणचं मुरतं तशी ही पण मुरती, जेवढी जुनी तेवढी चांगली. विज्ञानाचे मास्तर बरं का!

रिटायर झाले. मी म्हटलं, काढा ती बाटली. तर म्हणाले, "आज कशाला? यापरीस मोठा दिस येईल." वरचा मजला झाला, पुढच्या खोलीवर; माळ्यावर पत्रे तेच. तेव्हाही तेच. बाटली माळ्यावर आणि आम्ही खाली.

मग लॉकडाऊन आला. आठवतंय ना सगळ्यांना? रस्ता ओस, आणि कुठून तरी दवाखान्याच्या गाडीचा आवाज. उद्या कोण असेल, कोण नसेल, कुणाला ठाऊक नव्हतं. ज्योती घरी आली होती. लग्न ठरलं होतं तिचं. एक दिवस मुलाकडच्यांचा फोन आला. दारूच्या कारखान्यातली सून आम्हाला चालायची नाही. नोकरी सोडली तर पुढचं बोलू.

यांनी फोनवर हात ठेवला आणि पोरीला विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय?"

ती म्हणाली, "आप्पा, मी न्हाई सोडणार."

यांनी फोनवरचा हात काढला. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाले. एवढंच. ना आवाज चढवला, ना हात जोडले.

मी रडायला लागले. जग बंद पडलंय, पोरीचं ठरलेलं मोडलं, आता हिचं कसं व्हायचं? आणि हा माणूस शिडी लावायलाय! माळ्यावरून कोणती बाटली काढावी? 'ज्योतीचं लग्न'!

मी म्हटलं, "येड लागलं का तुमाला? लग्न मोडलंय आन तुमी बाटली काढायलात?"

म्हणाले, "पोरगी ताठ उभी ऱ्हायली. मला बापाला यापरीस मोठा दिस कोणता दावणार हाईस तू?"

बूच काढायचं साधन आमच्या घरात कुठलं? एक स्क्रू पिळला, पक्कड लावली, ओढलं. बुचाचा भुगा झाला. मग चहाच्या गाळणीनं गाळून स्टीलच्या फुलपात्रात ओतली. यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. आम्ही मायलेकी श्वास रोखून बघायलोत. घरात आवाज नाही, रस्त्यावर आवाज नाही.

डोळे उघडून म्हणाले, "शिरका झालाय. पार आंबली."

ज्योतीनं वास घेतला आणि मटकन खालीच बसली. हसायला लागली. "आप्पा, पत्र्याखाली ठेवली व्हती? परभणीच्या उन्हाळ्यात? अवो, हे काय लोणचं हाय का मुरायला?" त्या सगळ्या दिवसांत पोरगी पहिल्यांदा हसली. मीही हसले. हे मात्र हसले नाहीत. बाटली मांडीवर घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, "सुनंदा, चांगला दिस येईल म्हणून ठेवली. आन ठेवली म्हणूनच गेली."

तो शिरका आम्ही फेकला नाही. त्यात कांदा कापून घातला आणि आठवडाभर भाकरीसंगं खाल्ला. लेकीच्या लग्नाची बाटली आम्ही तशी संपवली. लय चांगला लागला तो कांदा.

त्याच दिवशी यांनी बाकीच्या बाटल्यांवरच्या पट्ट्या खरडून काढल्या. या नंतरच्या बाटल्यांनी उन्हाळे कमी पाहिले होते, म्हणून खाली आणल्या आणि माठाशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली ठेवल्या. आणि ताकीद दिली, आता चांगल्या दिवसाची वाट बघायची नाही. दिवस वाईट आला की उघडायची.

आणि उघडल्या. मला ताप आला होता, तपासणीचा निकाल यायचा होता, हे दाराबाहेर बसले होते आणि मी आत. निकाल चांगला आला, मग त्या संध्याकाळी? नाही. निकाल यायच्या आधी उघडली! मला म्हणाले, "भ्यायचंच हाय तर चव घेऊन भिऊ." एक घोट, वर चिमूटभर शेंगदाण्याचा तिखट भुरका. बाई आणि वाइन, म्हणून नाक मुरडायचं तर मुरडा. मी प्यायले. भीती गेली नाही, पण मी एकटी नव्हते.

रिकामी बाटली हे घंटागाडीत अगदी वर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवायचे. तिथूनच तुमच्या कानावर गेलं. मी म्हणायचे, निदान कागदात तरी गुंडाळा. तर म्हणायचे, "माझ्या लेकीच्या हातची वस्तू हाय. लपवू कशाला?"

शेवटची बाटली यांचा स्वतःचा रिपोर्ट आला त्या दिवशी उघडली. त्यात काय लिहिलंय ते तिघांनाही कळलं होतं. ज्योतीनं ओतली. यांना घोट गिळवत नव्हता, नुसते ओठ ओले केले. पण डोळे मिटले, आणि आम्ही वाट बघत थांबलो, आणि म्हणाले, "चांगली हाय."

भाऊजी, परवा तुम्ही माळा धुंडाळलात. लोक यायच्या आत उरलेल्या बाटल्या नाल्यात टाकायच्या होत्या तुम्हाला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. सापडली एक तरी? नाही सापडली. माझा नवरा भरलेली एकही बाटली मागं ठेवून गेला नाही. दुसऱ्या बायका हे सांगताना मान खाली घालतील. मी मान वर करून सांगते.

आणि ज्योतीच्या लग्नाचं म्हणाल, तर ज्याला करायचं त्यानं तिच्या कारखान्यासकट करावं. नाहीतर आम्ही दोघी आहोत. कांदा आहे, भाकरी आहे.

आता उभे राहा सगळे. घड्याळ बघू नका. घोट घेतल्यावर हे डोळे मिटायचे, आणि निकाल सांगेपर्यंत घरात कुणी चकार शब्द काढायचं नाही. तेवढा वेळ, तसंच, गप्प राहा माझ्यासोबत. निकाल काय येतो याची धाकधूक ठेवू नका. या माणसाचा सगळा घोट मी घेतलाय, पहिल्यापासून शेवटापर्यंत.

चांगला हाय.