पल्याडची ओल

नाई मिस्त्री, तथी नाई — अजून खाली ठोका. हां, तथी. आला ना पोकळ आवाज? मी सांगितलं नव्हतं? पोपडे तं आता सुटले, पन ओल परवापासूनच दिसे — पह्यले हाताएवढा डाग, मंग ताटाएवढा, आन आज पाहा, पलंगाचे पाय भिजून राह्यले. आमच्या घरच्याइनं स्लॅपवर चढून पाह्यलं, कुठंच तडा नाई. आमचा नळ तं ह्या बाजूनं हायेच नाई — मंग पानी येते कुठून? कुठून म्हंजे — पल्याडून! ह्या भितीच्या पाठीमागं आमच्या भासऱ्याइचं न्हानीघर हाये. रामराव — ह्याइचे सख्खे मोठे भाऊ. एका प्लॉटचे दोन भाग केले, मधात ही एकच भीत. आन गावापासून इतक्या दूर ह्या लेआऊटात घरं म्हनाल तं आमचे दोनच.

बांधकामाच्या वक्तीच ह्याइनं सांगितलं होतं — दादा, न्हानी तिकडं घ्या, आमच्या झोपाच्या खोलीले लावू नोका. आयकलं नाई. तवापासून बोलनं बंद. जाऊबाई वारल्या तवा मातीले गेलो, उभे राह्यलो, परत आलो, पन शब्द नाई. आता एकटेच राह्यते ते, पोरगी तिकडं सासरी. आन हे पानी — मुद्दाम, मिस्त्री, मुद्दाम नळ सोडून ठेवला! त्याइच्या टाकीले ऑटो लावेल हाये ना — टाकी रिकामी झाली का मोटर आपोआप सुरू. आयका, आताही चालू हाये. एकट्या मानसाले इतकं पानी लागते काय? भीत पाडाची हाये त्याइले आमची. हे म्हने. आता जाऊन विचाराचं म्हनाल, तं जाईन कोन? मले तं ह्याइनं बजावून ठेवलं — त्या दारात पाय टाकला तं ह्या घरात पाय टाकू नोको. घरीच हायेत ते, कुलूप नाई बाहेरून, दार आतून लागेल हाये. दुधाची थैली तशीच लटकून हाये कडीले, तेही नाटक असंन.

आन तरास काही पान्याचाच नाई. भीत ठोकत ते, मिस्त्री! परवा सांजेपासून — तुमी आता ठोकलं ना, अस्संच — ठक, ठक. खालून, जमिनीजवळून. टीवीवर काही म्हनून आयकू येईना. ह्याइचं डोकं फिरलं, बत्ता घेतला आन इकडून दनादना ठोकलं — घे म्हने, तुले ठोक्याची हौस! मंग तं पल्याडून अजूनच जोरात. आन आवाज — "मारोत्या, ए मारोत्या" — इतक्या सालात पह्यल्यांदा नाव घेतलं भावाचं. हे म्हने पाहा, शिव्या देऊन राह्यला बुढा. टीवीचा आवाज वाढवला. मी म्हटलं, शिवी नाई वाटत मले — म्हटलं म्हंजे, मनातच. काल दुपारी ठोके कमी झाले. हे म्हने, थकला. आज सकायपासून तं बंदच. हे बी खुशीत कारंजाले गेले मार्केटात, मले म्हने मिस्त्रीले बलावून घे —

हातोडा काहून खाली ठेवला? चहा टाकू काय? असे काहून पाहून राह्यले माह्याकडं?

जमिनीजवळून. हो. आता उभा मानूस कायले जमिनीजवळून ठोकीन...

उचला. उचला तो हातोडा! समोरून नाई, ते दार सागाचं हाये, फुटाचं नाई — परसाकडून चला, तिकडं पत्र्याचं हाये. नाई, मी बी येतो, राहू द्या त्याइचं बजावनं. मारा. कडीवर मारा. अजून एक — अगं माय, पानी पाहा कसं उंबऱ्यावरून आलं! दादाजी! दादाजी, मी ललिता हावो... पाय पाहा कसा वळला त्याइचा. शेवाळावरून घसरले वाटते. नळ बंद करा पह्यले, मिस्त्री, तो नळ बंद करा! दादाजी, डोये उघडा ना —

थंड हायेत, मिस्त्री. ताठ, लाकडावानी. हात अजून भितीलेच टेकून हाये. पितळी गडवा हाये हातात — बूड पार चेपून गेलं त्याचं.

नाई, फोन लावू नोका कोनाले! थांबा. मले इचार करू द्या. ह्याइले फोन लावा लागंन... हे काय म्हनतीन — भाऊ होता त्याइचा. त्याइले तं मी काय सांगू... तुमी असं करा, गावात जा, पोलीस पाटलाले सांगा — ओल पाहाले गेलतो, नळाचा आवाज आला, दार फोडलं. एवढंच. खोटं काय हाये त्याच्यात? आन ते ठोक्याचं — बत्त्याचं, टीवीचं — ते तुमी आयकलंच नाई, मिस्त्री. मी काही सांगितलंच नाई तुमाले. मान काहून हालवून राह्यले? पाहू नोका असे माह्याकडं. जा तुमी. जा म्हटलं ना!