स्वतःच्या मागची सीट

कृष्णकांत : थांब, त्या सीटला हात लावू नकोस. माझ्या मापाला लावलीय ती.

ऋचा : बाबा, ही नवी गाडी तुम्ही चालवणार नाही. ड्रायव्हर ठेवलाय ना, गुरुमूर्ती, तो चालवणार. तुम्ही मागे बसणार.

कृष्णकांत : म्हणूनच लावली. आता उतरतो आणि ह्याच सीटच्या मागे बसतो. सरक जरा.

सहाना : मागे छान जागा आहे, सार. ह्या निळीपेक्षा आमच्या शोरूममधली ती पांढरी गाडी अजून मोठी.

कृष्णकांत : किती मोठी ते माझे गुडघे सांगतील. हं... एक मूठ. एक मूठ आणि वर दोन बोटं.

सहाना : मूठ कशाला, सार?

ऋचा : विचारलंत ना, आता ऐका. बाबा वीस वर्षं चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या सीटच्या कारखान्यात तपासणीला होते.

कृष्णकांत : कागदावरच्या मापात माणूस बसत नाही, पोरी. आधी चालवणाऱ्याची सीट आपल्या मापाला लावायची. मग आपणच तिच्या मागे बसायचं. गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांत मूठ मावली तर सीट पास. नाही मावली तर परत पाठवायची. किती साहेबांशी भांडलो मी यावरून.

सहाना : अय्यो, आम्हाला हे कोणी सांगितलंच नाही. आम्ही नुसतं 'लेगरूम, लेगरूम' म्हणूलालों. हसू नका सार, आमची मराठी तंजावूरची. घरातच बोलतों.

कृष्णकांत : हसत नाही. गोड आहे. पण तुझी ही निळी बघ. गादी लांब आहे, मांडीला आधार आहे, आणि छप्पर केसांना लागतंय.

ऋचा : केस राहिलेत किती!

कृष्णकांत : आणि ती पांढरी. छप्पर उंच, पण गादी आखूड. अर्धी मांडी हवेत. अड्यारपर्यंत जाईतो पायाला मुंग्या येतील.

ऋचा : तुम्हाला दोन्ही नको आहेत. कुठलीच नको आहे.

सहाना : सार, तुमची जुनी गाडी बघून झाली. आमच्या मॅनेजर गुरुराज सारांनी किंमत पण लिहिली. आज चावी दिलात तर आजच्या आज बदलून मिळते.

कृष्णकांत : आज नको.

ऋचा : का?

कृष्णकांत : माझी गाडी बरी आहे. ह्या दोन्हींपेक्षा तिच्यात जागा आहे.

ऋचा : बाबा, गेल्या महिन्यात दोनदा घासलीत. एकदा खांबाला, एकदा शेजारच्या शेषाद्री मामांच्या स्कूटरला. ते काही बोलले नाहीत म्हणून काय झालं?

कृष्णकांत : मामा बोलले नाहीत, तू बोल.

ऋचा : बोलते. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सहाला तुम्ही कुठे जाता?

कृष्णकांत : फिरायला.

ऋचा : बिल्डिंगच्या वॉचमननं सांगितलं मला. म्हणाला, सार अजून डायलिसिसला जातात का? आईला जाऊन सात महिने झाले, बाबा. मी बघून आले, तुम्ही हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये जाऊन बसता.

कृष्णकांत : चार वर्षांची सवय आहे.

ऋचा : किती वेळ बसता?

कृष्णकांत : तिला लागायचा तेवढा. चार तास. घरात बसवत नाही, गाडीत बसवतं. कोणाचं काय जातं?

सहाना : मी पाणी आणतें, सार.

कृष्णकांत : नको, थांब तू. ही माझ्याकडून गाडी काढून घ्यायला निघालीय, ते तूही ऐक. मला मागच्या सीटवर पार्सलसारखं ठेवणार. कुठे न्यायचं, कधी आणायचं, सगळं ही ठरवणार.

ऋचा : आईला तुम्ही तसंच न्यायचात.

कृष्णकांत : काय म्हणालीस?

ऋचा : काही नाही.

कृष्णकांत : तिला त्रास होऊ दिला नाही मी. उजवीकडे बसवायचो, म्हणजे पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, सुईचा डावा हात मोकळा राहतो. डोकं लावून केलं होतं. आणि माझ्या गाडीत मागे ऐसपैस—

ऋचा : तुम्ही बसलात कधी मागे? तुमच्या गाडीत?

कृष्णकांत : मी चालवत होतो.

ऋचा : बारा वर्षांत एकदा तरी?

कृष्णकांत : ... गाडी कुठे लावलीय त्यांनी?

(तिघं मागच्या आवारात येतात. कृष्णकांत आपल्या जुन्या गाडीत, चालवणाऱ्याच्या सीटमागे, आधी एक पाय आणि मग हातानं धरून दुसरा पाय आत घेतो.)

कृष्णकांत : दार लाव.

ऋचा : उघडंच राहू द्या, ऊन आहे.

कृष्णकांत : लाव म्हणतो ना. ती काय उघड्या दारानं जायची? काच खाली घेतो. हं.

ऋचा : बाबा?

कृष्णकांत : मुठीचं सोड. बोटही जात नाही.

ऋचा : आई तुमच्यापेक्षा बुटकी होती.

कृष्णकांत : चार इंच. आणि शेवटच्या वर्षी पाय सुजलेले, गुडघा धड वाकायचा नाही. हे बघ, सीटच्या पाठीचं कापड दोन ठिकाणी झिजून चकचकीत झालंय. एवढ्या एवढ्या अंतरावर. हे तिचे गुडघे आहेत. अलकनंदाचे.

ऋचा : या आता बाहेर.

कृष्णकांत : डावीकडे बसवली असती तर पुढची सीट सरकवता आली असती. रिकामीच तर असायची. हातावर एक उशी ठेवून वरून पट्टा घेतला असता. कारखान्यातल्या नवशिक्यालाही हे सुचलं असतं. ऋचा, तुला ठाऊक होतं?

ऋचा : ऊन लागतंय तुम्हाला.

कृष्णकांत : ठाऊक होतं.

ऋचा : आईनं शपथ घातली होती. म्हणाली, सीट पुढे घेतली की त्यांची कंबर धरते, आणि मग सगळा राग हॉर्नवर काढतात. त्यापेक्षा माझे गुडघे दुखलेले बरे.

कृष्णकांत : अजून काय म्हणाली?

ऋचा : म्हणाली, जगाच्या सीट तपासतात. आपली कधी तपासतील?

कृष्णकांत : हे तिनं हसत म्हटलं असेल.

ऋचा : हो. हसतच.

कृष्णकांत : उतरतो. ... ऋचा, दार उघडत नाही.

सहाना : चाइल्ड लॉक असेल, सार. घरात लहान मुलं आहेत काय?

कृष्णकांत : नाही.

ऋचा : थांबा, मी बाहेरून उघडते.

कृष्णकांत : मीच लावलं होतं ते. डायलिसिसनंतर तिला ग्लानी यायची. उजवं दार रस्त्याच्या बाजूचं, चुकून उघडलं तर काय, म्हणून. घरी पोचलो की आधी मी औषधांची पिशवी वर नेऊन ठेवायचो. लिफ्ट बंद असली की जिन्यानं. मग चाकाची खुर्ची घेऊन खाली. मग दार. ... किती वेळ झाला मला आत बसून?

सहाना : तीन मिनिटं होतील, सार.

कृष्णकांत : तेवढ्यात घाम फुटला.

ऋचा : तिच्या काळजीनंच लावलं होतंत ना?

कृष्णकांत : काळजीनंच. तूही काळजीनंच करतेयस.

ऋचा : बाबा...

कृष्णकांत : सहाना, तुझ्या सारांना सांग, गाडी सोमवारी घेऊन जा म्हणावं. मंगळवारच्या आत.

सहाना : परवाइल्लै, काही हरकत नाही सार, घाई नाही. दोन दिवस विचार करा.

कृष्णकांत : विचार केला की मी देणार नाही. ऋचा, ही घे चावी. तू चालव.

ऋचा : मी? मग तुम्ही पुढे या.

कृष्णकांत : नाही. मी इथेच. वेस्ट मांबलमपर्यंत, घर येईतो.

ऋचा : अर्धा तास लागेल, बाबा. तुमचे गुडघे...

कृष्णकांत : लागू दे.

ऋचा : बरं. पण माझे पाय पोचत नाहीत पेडलला. सीट पुढे घेते.

कृष्णकांत : नको. पाठीला उशी घे.