दिपालीचं कॅबिनेट हवेशीर असणेबाबत

विषय : सून सौ. दिपाली हिच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट ऐसपैस व हवेशीर असणेबाबत.
संदर्भ : सदर सुनेचा तोंडी शेरा, 'मामा, ह्याला श्वासच घेता येत नाही.'

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळवण्यात येतं की... जाऊ द्या, कळवत कुठं बसू, तोंडानंच सांगतो. हा शेरा तिनं कशावर मारला? तर मी सुतार बसवून करून घेतलेल्या सागवानी कपाटावर. दोन झडपांचं, कडीकोयंड्याचं, तिच्या कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून खास मापाचं, आणि त्या कपाटात म्हणे श्वास कोंडतो. आता कॉम्प्युटर श्वास घेतो हे मला निवृत्तीनंतर कळलं. आमची तक्रार नाही हो. मी आभारीच आहे.

तुम्हाला सांगतो, आमचा सातारा परिसर, जिल्ह्याचा सातारा नव्हे, वाळूजकडचा, तुम्ही पाहिलाय ना? जिथं पाहाल तिथं पाया खणलेला, खडीचे ढीग, वाळूचे ढीग, नि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रजेवर, बिनपगारी सुद्धा नाही, सरळ गैरहजर. धूळ इतकी की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं सही करता येते. म्हणून आमच्या मंडळींनी, रत्नमालानं, घरातल्या प्रत्येक वस्तूला शिवून कव्हर घातलंय. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडलला झालरीचं कव्हर. मी निवृत्त होऊन घरी बसलो त्या दिवशी तिनं माझ्याकडंसुद्धा मापाच्या नजरेनं पाहिलं होतं.

आणि मीही त्याच शिस्तीतला. गंगापूरला आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला वेगळी खोली, एसी, बाहेर चपला काढून आत जायचं, नि काम झालं की त्याच्यावर प्लॅस्टिकचं पांघरूण. काम नसलं तरी पांघरूण. साहेब म्हणायचे, 'लई नाजूक जिनस हाय, झाकून ठेवा.' आम्ही इतका झाकला की तो शेवटपर्यंत कोराच राहिला. त्यामुळं दिपालीचा कॉम्प्युटर घरात आला तसा मी तो कपाटात घातला नि रत्नमालानं वरून कव्हर घातलं. देवाला सुद्धा आमच्याकडं इतका बंदोबस्त नाही.

आता ह्यात अडचण काय झाली, तर दिपालीचं काम. ती डिप्लोमा झालेली पोरगी, मशिनच्या पार्टची ड्रॉइंग करते. नातू लहान म्हणून वाळूजला जाणारी कंपनीची बस, म्हणजे नोकरीच, तिनं सोडली, आणि आता घरून काम द्या म्हणून त्याच कंपनीकडं अर्ज केला. ते म्हणाले, 'आधी हा एक पार्ट पूर्ण करून दाखवा, सोमवारपर्यंत, मग अर्जाचा विचार करू.' तर ही बसली. ड्रॉइंग होतं हो तिचं, पण त्याच्यापुढं त्या पार्टवर ताण किती येतो ह्याचा हिशेब कॉम्प्युटर आपला आपण करत बसतो, तासन्‌तास, आणि मधेच बंद पडला की पुन्हा श्रीगणेशा. मे महिना. दुपारी दोन वाजले की आमचा गडी बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मी म्हटलं, 'सरकारी दिसतोय, जेवणाची सुट्टी घेतो.' ती हसली नाही. तिनं कव्हर काढलं, झडपा उघडल्या, त्या डब्यावर हात ठेवला नि झटकन मागं घेतला. म्हणाली, 'मामा, ह्याच्यावर पापड भाजून निघंल. आणि हे काम हातचं गेलं ना, तर माझं शिक्षण पोळपाटाखाली गेलं समजा.'

ती हे रागावून म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं. साध्या आवाजात म्हणाली. मी उठलो, चपला घातल्या.

गेलो पैठण गेटजवळच्या दुकानात, मी आणि ती. कॅबिनेट म्हणजे मंत्र्यांचं नव्हे, कॉम्प्युटरचे सगळे अवयव ज्या खोक्यात बसवतात ते खोकं. आतले अवयव तिचे चांगलेच होते, फक्त घर बदलायचं होतं. दुकानदार नईमभाई, माणूस दिलदार, बसा म्हणायच्या आत चहा सांगणारा. त्यानं एक खोकं पुढं सरकवलं, समोर काच, बाजूला काच, आत लाल-हिरवे-निळे दिवे, वरातीच्या गाडीसारखं. 'देखो चचा, क्या रौनक है. पूरा घर चमकेगा.' मला ते आवडलं, कबूल करतो. चारी बाजूंनी बंद, धुळीची काय बिशाद. पण दिपाली समोरच्या काचेला नाक लावून विचारते, 'भाई, इसमें हवा किधर से जाती?' नईमभाई म्हणाला, 'हवा का क्या है बेटा, हवा तो अपना रास्ता ढूंड लेती.' ती म्हणाली, 'आमच्याकडं नाही ढुंडत.'

मग त्यानं दुसरी युक्ती काढली. 'ऐसा करो, पानी वाला कूलिंग लगा लो. पानी घूमता, मशीन ठंडा.' पाणी? मी उठूनच उभा राहिलो. म्हटलं, अरे बाबा, आमच्याकडं नळ नाही, टँकर येतो तोही मनात आलं तर, घरातला कूलर आम्ही कोरडाच फिरवतोय, आणि ह्या खोक्याला पाणी पाजू? नईमभाई म्हणाला, 'चचा, एक बार भरेला रहता, बंद नली में. फिर डालना नक्को, खतम होताच नहीं.' एकदा भरलेलं पाणी संपत नाही! मी त्याला विचारलं, हीच नळी गच्चीवरच्या टाकीला बसवून मिळेल का. तो हसला, मी मात्र गंभीर होतो. दिपालीनं माझी बाही धरून मला खाली बसवलं. आभारीच आहे मी तिचा.

आणि शेवटी तिनं काय निवडलं? कोपऱ्यातलं एक काळं धूड. दिवा नाही, काच नाही, समोर सगळी जाळी, पिठाच्या चाळणीसारखी. पुढं तीन पंखे हवा आत ओढायला, मागं एक बाहेर फेकायला, आत इतकी मोकळी जागा की मुंबईत त्यात बिऱ्हाड राहील. मी म्हटलं, 'अगं, जाळीतून धूळ जाईल.' 'जाळीमागं बारीक फिल्टर आहे मामा, काढायचा, ब्रशनं झटकायचा, परत लावायचा.' 'पण हे आपल्या कपाटात मावणार नाही.' ती जाळीवर हात ठेवून म्हणाली, 'तुम्ही कपाट माझ्या जिवासाठी केलं, ठाऊक हाय मला. पण मामा, धूळ झटकता येते. कोंडलेल्याला काय करायचं?'

टिपणी एका शब्दाची. 'मान्य' म्हणालो.

घरी आल्यावर पुढचा प्रश्न, ठेवायचं कुठं? सगळ्यात गार खोली उत्तरेकडची, म्हणजे माझी, पुस्तकांची. कोणी मागितली नाही हो. अंगद, माझा मुलगा, नुसता दारात उभा राहून छताकडं पाहत होता, तेवढ्यावरून मी समजलो. माझी खुर्ची मीच हॉलमध्ये आणली. पश्चिमेचं ऊन थेट टाळक्यावर येतं, वाचायला उजेड उत्तम. तक्रार कसली? आभारीच आहे.

आता रविवार. शेवटची दुपार. हिशेब सकाळपासून चालू, खोकं गार, पंखे मांजरासारखे गुरगुरतायत. आणि टँकर आला. टँकर आला म्हणजे घरातलं चालतं माणूस बादलीसह खाली, दिपाली, रत्नमाला, अंगद सगळे. मी एकटा वर, नातवाला सांभाळायला. तेवढ्यात शेजारच्या साईटवरून अशी वावटळ उठली की खिडकीतून लाल भिंतच आत आली. आणि माझ्या हातून काय व्हावं? टेबलावर घडी घातलेलं नवं कव्हर होतं, रत्नमालानं त्या धुडाच्या मापाचं रातोरात शिवलेलं, फुलाफुलांचं. मी विचार केलाच नाही. पोर झोपेत उघडं पडलं की आपण पांघरूण घालतो, तसं घातलं. वरून खालीपर्यंत. दोऱ्या सुद्धा बांधल्या.

दोन मिनिटं मी समाधानात. मग ते मांजर गुरगुरायचं थांबलं नि गिरणीसारखं घरघरायला लागलं. कव्हर जाळीला आत चिकटलेलं, गाल बसलेल्या म्हाताऱ्यासारखं. दोऱ्या सोडायला जावं तर माझीच निरगाठ, फायलीला मारतो तसली पक्की. शेवटी कव्हर टराटरा फाडलं. कॉम्प्युटरच्या पडद्याकडं पाहायची हिंमत होईना. हाताशी रविवारची पुरवणी होती, ती घेऊन जाळीसमोर गुडघ्यावर बसलो नि वारा घालायला लागलो. त्याला पुटपुटत होतो, 'बंद पडू नको रे बाबा, पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे.'

दिपाली भरली घागर घेऊन दारात. फाटकं कव्हर पाहिलं, पुरवणी पाहिली, मग पडदा. हिशेब चालू होता. मोकळी जागा होती म्हणून तेवढा दम काढला म्हणे त्यानं, जुनं खोकं केव्हाच आडवं झालं असतं. मला वाटलं, आता बोलणार. ती घागर ठेवून म्हणाली, 'उठा मामा. चार पंखे आहेत त्याला. पाचव्यानं आता चहा घ्यावा.' आणि माझी खुर्ची उचलून परत त्या गार खोलीत, खोक्याच्या शेजारी आणून ठेवली. मी चष्मा पुसायला घेतला. धूळ फार होती.

सोमवारी काम कंपनीला गेलं, वेळेत गेलं. चांगलं झालंय असं त्यांनी कळवलं. पुढं काय म्हणून परवा दिपालीनं फोन केला. साहेब रजेवर आहेत. अर्ज त्यांच्या टेबलावर आहे. निर्णय अद्याप प्रलंबित आहे.