राक्षसाची गोष्ट कोणाच्या डोळ्यानं

...नाही गणपतराव, शाल घडीतच राहू द्या, नारळबी टेबलावरच ठेवा, पहिले मले बोलू द्या, कारण एकदा का शाल अंगावर पडली की माझ्या तोंडून खरं निघणार नाही. लायब्ररीनं सत्कार ठेवला, उपकार आहेत, पण माझं ऐका. तुम्हाले सांगतो मंडळी, राक्षसाची कादंबरी लिहिणं काही अवघड नाही. राक्षस घ्या, राजपुत्र घ्या, उडणारा घोडा घ्या, राक्षसाचा जीव एका संत्र्यात ठेवा, आपल्या नागपुरात संत्र्याले काय तोटा... पण गोष्ट पाहायची कोणाच्या डोळ्यानं? तिथं माणूस फसते.

पहिले मी राजपुत्राच्या डोळ्यानं लिहिली. दोनशे दहा पानं. आता माझं अक्षर असं, की ऑफिसात साहेब म्हणत, "मधुसूदनराव, हा अर्ज आहे का शाईत पडलेलं झुरळ चालत गेलं?" म्हणून घरची पद्धत अशी, मी कच्चं लिहायचं अन् मी ऑफिसात गेलो की दुपारी आमच्या मंडळीनं, गोपिकानं, ते फेअर करायचं. तिनं केलं. वाचतो तर काय, राजपुत्र मंत्रानं सत्तर पानं झोपून आहे. झोपलेल्या माणसाले काय दिसते, कपाळ? मग घोड्याच्या डोळ्यानं लिहिली, पुन्हा दोनशे दहा पानं, पुन्हा तिचं फेअर, तर घोडा गुहेत शिरत नाही अन् सारी मारामारी गुहेत. मग राक्षसाच्या डोळ्यानं. तो शेवटी मरते, तर पुढचं लग्न पाहणार कोण?

तिच्या बोटाले घट्टा पडला होता. मी पाहिला. पाहूनबी म्हणतो काय, "टाक बदलून पाह्य वं."

त्या तिसऱ्या खेपेले तिनं एकदाच विचारलं. राक्षसाघरी एक स्वयंपाकीण होती, तिले माझ्या कादंबरीत सारी एक ओळ, 'दासीने संत्रे दाखविले.' गोपिका म्हणे, "अहो, ही काहून दाखवते? उद्या राक्षस मेला तर हिनं जायचं कुठं?" अन् मी काय म्हणालो? "तू अक्षराकडे पाह्य." गोष्ट पाहायची कोणाच्या डोळ्यानं, ह्याच विचारात बुडून राहिलो मी, अन् समोर जितेजागते दोन डोळे बसले, त्यांना म्हणतो, अक्षराकडे पाह्य.

चौथ्या खेपेले थकलो अन् राजपुत्रावरच वापस आलो. तिनं महिनाभरात फेअर केलं, अन् मी गठ्ठा न वाचताच रजिस्टरनं पुण्याले प्रकाशकाकडे पाठवला. काहून वाचू? तीनदा तेच वाचलं होतं, बायकोचं अक्षर काय तपासायचं, म्हटलं.

बाहत्तर सालच्या दिवाळीले पुस्तक आलं. पहिलंच वाक्य, 'राक्षसाला रोज चाळीस भाकरी लागत, आणि त्या मी थापत असे.' मी उलटून कव्हर पाहिलं. नाव माझंच. राजपुत्र होता, पण दाराशी जोडे काढून राहिला होता. घोडा बाहेर चारा खाऊन राहिला होता. अन् कोणत्या संत्र्यात जीव आहे हे माहीत असलेली एकटी ती, पुस्तकभर विचार करून राहिली, सांगू की नको सांगू... मी एका बैठकीत वाचलं. माझीच गोष्ट, अन् वाचताना पुढं काय होणार ते मलेच माहीत नाही.

तिले म्हटलं, "हे काय केलं वं?" तर म्हणे, "तुम्हीच तर रोज विचारत होते, कोणाच्या डोळ्यानं. मी चुलीपाशी बसून पाहिलं. तिथून सारं दिसते." अन् कणिक मळाले निघून गेली.

तेव्हाच मी सगळ्याइले सांगाले पायजे होतं. नाही सांगितलं, चूक माझी आहे. सावनेरहून इंदुताई म्हणून एका बाईंचं कार्ड आलं, 'बाईच्या मनातलं तुम्हाला कसं कळलं?' मी उत्तर लिहिलं, 'सूक्ष्म निरीक्षणाने.' मंडळी, तेबी उत्तर तिनंच फेअर केलं. पत्त्यात जिल्हा राहिला होता, तो तेवढा टाकला.

म्हणून सांगतो, ही शाल माझी नाही. ज्या बाईची आहे, ती तिकडं तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली आहे. काल मी हे सारं कबूल करून पाच पानं भाषण लिहिलं, अन् सवयीनं तिलेच दिलं. इथं उभं राहून उघडतो तर अर्धं पान. 'सर्वांचे आभार. चहा घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये.' बस, एवढंच. माझा सारा गुन्हा गाळून टाकला तिनं. म्हणून तोंडी बोलून राहिलो. गोष्ट पाहायची कोणाच्या डोळ्यानं, हे आता तरी...

थांबा, कागदाच्या मागं बारीक अक्षरात काही आहे. 'तुम्ही ऐकणार नाही आणि सर्व बोलून टाकाल, हे मला ठाऊक आहे. पण शाल लोकरीची असेल तर नको म्हणू नये. दुपारी लिहिताना मला गारठा लागतो.'

घाला, गणपतराव.