टाकीवरचं पंचामृत

— बस की उर्वी, उभी का? सरांनी पाठवलंय तुला, कळलं मला. पंचाक्षरी सर स्वतः कशाला येतील कुल्फीच्या दुकानात! मी अजिनाथ म्हणजे काय त्यांच्या लेखी, पीएच.डी. अर्धी टाकून पळालेलं कार्टं. ट्यूब पाहिजे ना? हाय. त्या डीप फ्रीझरमध्ये, तळाला. माझे जिवाणू — दही लावणारे, जीन कापून बदललेले, फाजला दाद न देणारे. फाज म्हणजे जिवाणूंना खाणारा विषाणू, तूपण त्याच लॅबमधली, तुला काय सांगायचं म्हणा. तो शिरला की डेअरीची आख्खी टाकी तशीच, दूध विरजतच न्हाय. तीन वर्षं घातली मी त्यात, तीन!

मग आली खंडेनवमी. लॅबमध्ये यंत्रांची पूजा — सेंट्रिफ्यूजला झेंडूची माळ, पीसीआरला हळदकुंकू — करा बाबा, माझं काय जातंय. पण सरांची भक्ती लई उतू गेली. माझे जिवाणू वाढत होते त्या टाकीचं झाकण उघडलं आणि चमचाभर पंचामृत आत! पंचामृतात दही असतं, दह्यात फाज असू शकतो — हे आम्हाला शिकवलं कुणी? त्यांनीच की! दुसऱ्या दिवशी सगळे जिवाणू मेलेले. आणि अहवालात काय? ‘विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा.’ साठीला आलेली माणसं ही, ‘चुकलो’ म्हणायला जीभ उचलत न्हाय. मग मीपण साठ्यातल्या सगळ्या ट्यूब उकळून मारल्या. ही एक ठेवली.

काय? दाद न देणारे होते, तर मेले कसे? — हुशार हायस. — हे बघ, डेअरीत फाज सापडले होते तीन जातींचे. दोघांना टिकले. तिसऱ्याला... टिकतील असं वाटत होतं. परिषद तोंडावर आलेली, सर रोज विचारायचे, “अजू, तिन्ही ना रे?” व्हय म्हणालो. त्याच भरवशावर पंचामृत ओतताना म्हातारा हसत म्हणाला, “पोरानं लस टोचलीय याला, आता काय होतंय!” — म्हणून काय झाकण उघडायचं? सांग की! उघडायचं?

आता डेअरीवाले ह्या ट्यूबमधल्या जिवाणूंची परत चाचणी घेणार म्हणे. तिन्ही फाज सोडून बघणार? — तिन्ही?

फ्रीझरला हात नको लावू. ट्यूब मिळणार न्हाय. सांग, अजिनाथनं कधीच फेकून दिली. शिव्या घातल्या म्हणून सांग. पण ते तिसऱ्याचं... तेवढं नको सांगू.

निघ तू.